कांड्यांची मजुरी

माझी बायको अनुसया पौषात गेली. तेव्हा घरात तिने भरून ठेवलेल्या कांड्या होत्या. तेरवी झाल्यावर मी मागावर बसलो आणि त्या संपेपर्यंत विणलं. शेवटची संपली तेव्हा पाय खड्ड्यात ठेवून तसाच बसून राहिलो.

ज्यांना मागाचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे माग जमिनीत खड्डा करून मांडलेले असतात. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. आडवा धागा धोट्यातून जातो आणि धोट्याच्या पोटात कांडी असते. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. विणताना ती भराभर रिकामी होते, म्हणून जवळ कोणीतरी रहाट, म्हणजे सूत गुंडाळायचं हातचाक, घेऊन कांड्या भरत बसावं लागतं. आमच्या तांडापेठेत ते बाई करते. बायको, नाही तर आई, नाही तर लग्न व्हायची मुलगी. त्याला कोणी काम म्हणत नव्हतं. त्याचे पैसे कोणी कोणाला दिल्याचं माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं.

त्यामुळे बायको गेलेला विणकर वर्षाच्या आत दुसरी करतो. त्याला कोणी नाव ठेवत नाही. माग अडतो, म्हणून करतो. माझ्या चुलत्याने केली, शेजारच्या दोघांनी केली. मला माग सोडायचा नव्हता, दुसरं काही येतच नव्हतं. आणि अनुसयाच्या जागी दुसरी बायको आणून बसवायची नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी कशा जमवाव्या, एवढंच मी त्या वर्षी बघत होतो.

धरमपेठेतल्या संस्थेचं इथं सांगायला पाहिजे. एका बंगल्याच्या तळमजल्यावर ती होती. कोण काय काम करतो, ते त्याला कसं मिळतं, त्याचं काय मिळतं, ह्याचा तिथे अभ्यास चालायचा. ती सरकारची नव्हती, मिलवाल्यांची नव्हती आणि युनियनचीही नव्हती. कॉलेजातून रिटायर झालेले एक प्रोफेसर ती चालवत. त्यांना सगळे सर म्हणत. आमच्या पेठेतली काही घरं त्यांनी निवडली होती आणि दरवर्षी दिवाळीनंतर त्याच घरी माणूस पाठवून तेच प्रश्न विचारत. त्यात आमचं घर होतं. आमच्याकडे नीलाबाई यायच्या.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पेठेला वाटलं विक्रीकरवाले आले. सगळ्यांनी दारं लावून घेतली. अनुसयाने उघडलं. मी मागावरून डोळे वटारले तर म्हणाली, "पोरगी पायी आली गा. कराचं काम असतं तं जीपमधी आली असती."

नीलाबाईंनी तिला विचारलं, तुम्ही काय काम करता. अनुसयाचा एक हात रहाटावर होता, दुसऱ्या हातात सूत होतं. ती म्हणाली, "मी तं घरीच राहतो बाई. हा रहाट आपल्या मनानं फिरून राहिला."

नीलाबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि हसल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं. दरवर्षी त्यांची येण्याची वेळ झाली की अनुसया सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वडीची, तयारी करून ठेवायची. त्या प्रश्न विचारायच्या, ही उलटे प्रश्न विचारायची. एका वर्षी त्यांनी विचारलं, ह्या कांड्या बाहेरून भरून घ्यायच्या झाल्या तर काय पडेल. अनुसया म्हणाली, "बाहेर कोण भरते? बाहेर तं कुत्रे बसून हायेत." मग म्हणाली, तुमच्या सरांना घरी चहा मिळतो त्याचा काय भाव लावतात ते आधी विचारून या. नीलाबाईंनी ते खरंच जाऊन सांगितलं. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, सर दोन दिवस त्यावरच बोलत होते. ज्या कामाला बाजारच नाही त्याचा भाव काढायचा कसा, हीच त्यांची मोठी अडचण होती. अनुसयाला ती अडचण फार गमतीची वाटली. रात्री जेवताना ती म्हणाली, इतके शिकले आणि अडले कुठे तर माया कांडीवर.

असं माणूस कावीळ होऊन आठवड्यात गेलं.

मी स्वतः भरून पाहिलं. सकाळी रहाटावर बसायचं, दुपारी मागावर. लुगडी निम्मीच उतरायला लागली. सूत देणारा आणि लुगडी घेणारा शेठ कुरकुरायला लागला. विणताना कांडी संपली की माझा हात आपोआप उजवीकडे जायचा. अनुसया भरलेली कांडी माझ्या गुडघ्याजवळ ठेवायची, न बघता. मला कधी मागावी लागली नव्हती.

शेजारच्या गोदूबाई काही दिवस माझ्या उंबऱ्यावर कांड्यांची टोपली ठेवून जायच्या. मग त्यांच्या घरचा माग अडायला लागला. त्यांचा नवरा महादेवराव माझा लहानपणापासूनचा दोस्त, पण भिंतीपलीकडून मला दोघांचं ऐकू यायचं. एक दिवस मी टोपली परत नेऊन ठेवली. गोदूबाईंनी ती आत नेली.

होळीच्या आसपास माझी मुलगी प्रेमिला उमरेडहून आली. आमची ती एकुलती. तिने स्वैपाक केला, घर झाडलं, आईचा रहाट पुसून ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मा गेली. माग तं हाये."

तिने बाई पाहून ठेवली होती. पाचपावलीत रुपराव नावाचा विणकर, त्याची बहीण जयवंता. नवरा वारला होता, मूल नव्हतं, भावाकडे राहत होती. हे सांगताना प्रेमिलाचे डोळे भरले. म्हणाली, "मले काय आनंद हाये काय, बापासाठी बायको पाहाचा? पण तुमी असे बसून राहाल तं मले तिकडं अन्न गोड लागत नाई."

मी तिच्यासाठी गेलो. सोबत महादेवराव होता.

पहिल्या लग्नात मुलगी बघतात तसं पाटाच्या, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या, लग्नात काही नसतं. साडी नाही, पोहे नाहीत. बाईसमोर रहाट ठेवतात आणि सुताची लडी. ती कांडी भरते आणि सगळे तिचा हात बघतात. जयवंता खाली मान घालून बसली आणि तिने भरली. रुपरावने ती कांडी माझ्या हातात दिली. मी अंगठ्याने दाबून पाहिली. घट्ट होती, कुठे सैल नाही, कुठे उंचवटा नाही. महादेवराव म्हणाला, हात साफ आहे. मग रुपराव त्याला घेऊन पानठेल्यावर गेला. मी, प्रेमिला आणि जयवंता तेवढे राहिलो.

जयवंताने तेव्हा मान वर केली.

"तुमाले बायको पायजे का कांड्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणालो, "कांड्या."

"मंग कांड्याच घ्या. मजुरी द्या. पाट काहून लावता?"

प्रेमिला म्हणाली, "मावशी, असं कोणी करते काय?"

"कोणी करत नाई म्हणून तं विचारून राहिलो," जयवंता म्हणाली. मग तिने सांगितलं. नवऱ्याच्या घरी तिने कितीतरी वर्षं भरल्या. तो वारला तेव्हा दिराने माग ठेवला, रहाट ठेवला आणि तिला पाठवून दिलं. आता ती भावाच्या भरत होती. "दोन घरच्या भरल्या. तिसऱ्या घरच्या फुकट भरत नाई."

मला वाटलं हेच ते. माग चालेल आणि अनुसयाची जागा तशीच राहील. रुपराव परत आल्यावर मीच त्याला विचारलं. तो आधी हसला. मग त्याने घराकडे एकदा बघितलं आणि विचारात पडला. त्याची मुलगी लग्नाला आली होती, हाताशी काही हवंच होतं. तो म्हणाला, ठीक आहे, पण ती इथेच बसून भरेल, तुमच्या घरी येणार नाही. मला तेच पाहिजे होतं. जयवंता एवढंच म्हणाली की मजुरी तिच्या हातात द्यायची, घराला काय द्यायचं ते ती देईल.

पण भाव काय द्यायचा? आमच्याकडे तो कोणालाच माहीत नव्हता. मी सायकल काढून धरमपेठेत गेलो. मला बघून सर उठून उभे राहिले. नीलाबाईंनी त्यांना अनुसयाचं आधीच सांगितलं होतं. मी कांड्यांचं सांगितलं तेव्हा ते खाली बसले. इतकी वर्षं ते जे शोधत होते ते मी घेऊन आलो होतो. पण भाव त्यांनी सांगितला नाही. म्हणाले, "मी सांगितला तर तो माझा भाव होईल. तुम्ही दोघं ठरवा. जो ठरेल तो फक्त मला कळवा."

मी आणि जयवंताने तो तिच्या भावाच्या ओट्यावर बसून ठरवला. ती वर म्हणायची, मी खाली म्हणायचो. भाजीचा करतात तसा. दोघांनाही लाज वाटत होती, कारण ह्या गोष्टीचा भाव करताना आम्ही कोणाला पाहिलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली ते मी मान्य केलं.

मग मी रोज सकाळी लड्या घेऊन पाचपावलीला जायचो आणि भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन यायचो. माग चालला. लुगडी पहिल्यासारखी वेळेवर उतरायला लागली. माझ्या हातात कमी राहायचं, पण एकट्या माणसाला किती लागतं. पहिल्यांदा मजुरी दिली त्या दिवशी मी सरळ घरी आलो नाही. गोळीबार चौकाकडून लांबून आलो. मनात येत होतं की अनुसया असती तर म्हणाली असती, आता माये मागचे पैसे काढा. आणि हसली असती. मी रस्त्यात थांबून सायकलची साखळी बघत असल्यासारखं केलं, कारण लोक बघत होते.

नीलाबाई मध्येच दोनदा आल्या. त्या रुपरावकडेही जाऊन आल्या. सर खूश आहेत का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, खूश म्हणता येणार नाही, पण रात्री उशिरापर्यंत लिहीत बसतात.

पावसाळ्यात पेठेतल्या बायकांना कळलं. नळावर बोलणं सुरू झालं. एक दिवस दुपारी गोदूबाईंनी रहाट थांबवला आणि नवऱ्यापुढे हात पसरला. मला सगळं ऐकू येत होतं.

"जयवंताले भेटते तं मले काहून नाई?"

महादेवराव म्हणाला, "तुले दोन वक्ताचं भेटत नाई काय?"

"ते तं बैलालेबी भेटते."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. गोदूबाई थट्टा करत होत्या, पण अर्धीच. दुसऱ्या घरीही तसंच झालं, मग तिसऱ्या. एका दुपारी आमच्या गल्लीतले रहाट बंद होते. माग असलेल्या गल्लीत एवढी शांतता मी फक्त कोणी मेल्यावर ऐकली होती.

समाजाचे पंच मारुतीच्या देवळात बसले. ते वाईट लोक नव्हते. मीही त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेच म्हणालो असतो. सूत महाग झालं होतं, लुगड्याचा भाव शेठ ठरवायचा, त्यातून घरच्या बाईलाही मजुरी द्यायची म्हटली तर कोणाचाच माग उभा राहणार नव्हता. ते हिशेबाने खरं होतं. त्यांनी ठरवलं की परक्या बाईकडून मजुरीवर कांड्या भरून घ्यायच्या नाहीत. जयवंताने माझ्याशी पाट लावावा, नाही तर टोपली बंद. रुपरावने ऐकलं नाही तर त्याच्या मुलीच्या लग्नाला कोणी जाणार नाही. मुलीचं जमत आलं होतं. त्याने तिथेच हात जोडले.

मी पुन्हा धरमपेठेत गेलो. सरांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही चला. तुमचं ऐकतील. ह्या बायांचं काम काम आहे, ते तुम्ही इतकी वर्षं लिहून राहिले, तेवढं फक्त देवळात येऊन बोला.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "शालिकराम, मी आज बोललो तर उद्या प्रत्येक घर मला जे हवं ते सांगेल. मग मी पाहायचं काय? आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही, म्हणून तुम्ही आम्हाला घरात घेता."

"मंग तुमी आमच्यासाठी करता काय, सर?"

"पाहतो," ते म्हणाले. "जे आहे ते नीट पाहतो आणि लिहितो." मग म्हणाले, "तेवढंच करता येतं मला."

मला राग आला नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. नीलाबाई मागून फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, मी येते, माझ्या जबाबदारीवर येते. मी नको म्हटलं. त्यांची नोकरी गेली असती, आणि पंचांनी एका तरण्या पोरीचं ऐकलं नसतं.

त्या रात्री मी फार विचार केला नाही. विचार करण्यासारखं एकच राहिलं होतं. सकाळी लड्या न घेता पाचपावलीला गेलो. जयवंता रहाटावर होती. मी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, तुमची तयारी असेल तर मी पाट लावायला तयार आहे. हे बोलायला मला फार जड गेलं. अनुसयाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

जयवंताने रहाट थांबवला.

"अनुसयाबाईच्या जागी बसवाल?"

"रहाट तिथंच हाये."

"अन् मजुरी?"

 घरच्या बाईला मजुरी कशी देणार. पंचांनी तर त्यासाठीच हे ठरवलं होतं.

"नाईच ना देता येणार," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी वाईट नाई. तुमी खरं बोलले म्हणून मी भरल्या. पण आता मी मायी मजुरी माया हातात घेतली. आता फुकट भरनं होणार नाई मायाच्यानं."

तिने उरलेल्या कांड्या टोपलीत घालून दिल्या. मी मजुरी दिली, ती तिने घेतली आणि लुगड्याच्या पदराला बांधली. रुपराव आत होता, बाहेर आला नाही. पुढे ती कन्हानला मावसबहिणीकडे गेली असं ऐकलं. तिकडे काय करते मला माहीत नाही.

त्या कांड्यांनी मागावरचं लुगडं पुरं झालं. ते शेठला देऊन मी माग उतरवला. लाकूड विकलं. कामठीला पॉवरलूमवर कामाला लागलो. तिथे मशीनच्या कांड्या मशीनवरच भरून खोक्यातून येतात, बाईचा काही संबंध नाही. बसने जायचं, बसने यायचं.

घरातला खड्डा बुजवायला महादेवराव आला. त्याने हातगाडीवर मुरूम आणला आणि आम्ही दोघांनी तो खड्ड्यात लोटला. त्या खड्ड्यात माझे पाय लहानपणापासून होते, आधी वडिलांचे होते. अर्धा भरल्यावर महादेवराव फावडं टेकवून म्हणाला, "मी देवळात काई बोललो नाई गा, शालिक."

"मले माहीत हाये."

"बोलाले पायजे होतं."

मी म्हटलं, मुरूम टाक, माझी बस निघून जाईल. संध्याकाळी गोदूबाईंनी येऊन सारवून दिलं. जाताना त्या अनुसया बसायची त्या भिंतीजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. तिथली जमीन बसून बसून गुळगुळीत झाली होती. तेवढा तुकडा त्यांनी सारवला नव्हता.

दिवाळी झाल्यावर नीलाबाई आल्या. ज्या घरात माग नाही ते घर संस्थेच्या अभ्यासातून निघतं, असा नियम होता. आमच्याकडे त्या शेवटच्याच आल्या होत्या. घरात माणसं किती, त्यांनी विचारलं. मी एक म्हटलं. मागच्या वर्षी मी आणि अनुसया दोघं इथे होतो आणि हाच प्रश्न झाला होता, तेव्हा ती म्हणाली होती, दोन माणसं आणि एक रहाट. नीलाबाईंनाही ते आठवलं असणार. त्यांनी एक लिहिलं आणि पान उलटलं.

मग त्यांनी विचारलं, माग का बंद केला. मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण एका ओळीत लिहायचं असतं. सर म्हणाले, मजूर मिळाला नाही, असं लिहू. पण तुम्हाला विचारल्याशिवाय लिहू नको म्हणाले."

मी त्यावर विचार केला. अनुसया गेली, जयवंताने नाही म्हटलं, पंचांनी टोपली बंद केली. संस्थेच्या भाषेत ते तेच होतं. त्यात खोटं काही नव्हतं. दुसरं काही मला एका ओळीत सांगता आलं नसतं.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. त्यांचे प्रश्न संपले होते, पण त्या उठल्या नाहीत. मला सांबारवडी येत नाही, म्हणून मी चहा ठेवला. आम्ही दोघं खोलीच्या मध्ये, बुजवलेल्या जमिनीवर बसून तो प्यायलो. भिंतीजवळची जागा मोकळी होती. तिकडे त्या बसल्या नाहीत आणि मीही बसलो नाही.